सांध्याला कवच देणारा माणूस : क्लॅरेन्स स्पायसर

मेकॅनिकलला असलेल्या प्रत्येकाने हूक्स जॉइंट केलेला आहे. थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात तो हमखास येतो, डेरिव्हेशन पाठ केलं की मार्क हातात. त्यामुळे रॉबर्ट हूक हे नाव आपल्या चांगल्याच ओळखीचे आहे. पण हा जॉइंट मोटारीच्या पोटाखाली, धुळीत आणि चिखलात, रोज चालेल असा ज्याने करून दाखवला, त्या क्लॅरेन्स स्पायसरला पुस्तकात फार तर एखाद्या आकृतीखाली जागा मिळते. गॅरेजमध्ये गेलात तर बरोबर उलटे आहे. तिथे हूक कोणाला माहीत नसतो, पण स्पायसरचा क्रॉस म्हटलं की पोऱ्या लगेच उठतो. मी हा लेख लिहायचे ठरवले ते या दोन जगांमधल्या गमतीमुळे, आणि थोडे आमच्या घरातल्या एका भांडणामुळे. भांडणाबद्दल पुढे सांगते.

क्लॅरेन्स विनफ्रेड स्पायसरचा जन्म ३० नोव्हेंबर १८७५ चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या वेस्ट हॅलॉक या गावचा. घर शेतकऱ्याचे. दूधदुभत्याचा धंदा, लोणी काढायचा छोटा कारखाना, आणि त्यात चालणारी यंत्रे. आपण वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षी फायलिंग करत घाम गाळतो ते सगळे या पोराने वडिलांच्या हाताखाली फुकटात शिकून घेतले. घरची माणसे सेव्हन्थ डे बाप्टिस्ट पंथाची, म्हणजे रविवारऐवजी शनिवार पाळणारी. पुढे न्यूयॉर्क राज्यात आल्फ्रेड गावच्या अकॅडमीत तो शिकायला गेला. १८९६ मध्ये अ‍ॅना ऑलिव्ह बर्डिक हिच्याशी त्याचे लग्न झाले. आणि त्यानंतर चार वर्षांनी, १९०० साली, हा संसारी गृहस्थ कॉर्नेल विद्यापीठाच्या सिबली कॉलेजात इंजिनिअरिंगला दाखल झाला. तेव्हा वय चोवीस. आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप घेतला तरी काका-काकू चौकशा करतात!

त्या काळातल्या बहुतेक मोटारी साखळीवर चालत. सायकलसारखीच साखळी, फक्त जाड. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायची तर दातेरी चाके आणि साखळी. आवाज भयंकर. वर ती उघडी, त्यामुळे धूळ बसायची, तेल उडायचे, साखळी सैल व्हायची आणि तुटायची. याला उपाय म्हणून शाफ्ट वापरावा हे लोकांना सुचले नव्हते असे नाही. अडचण अशी की इंजिन चॅसिसवर घट्ट बसलेले असते आणि मागचा अ‍ॅक्सल स्प्रिंगांवर खालीवर नाचत असतो. सरळ दांडा लावला तर पहिल्याच खड्ड्यात वाकेल. म्हणून दांड्याला सांधा हवा, आणि सांधा तर कार्डानो आणि हूक यांच्यापासून, म्हणजे शेकडो वर्षे माहीत होता.

मग स्पायसरने नवीन काय केले? मला वाटते इथेच त्याची खरी हुशारी आहे. कॉर्नेलमध्ये शिकताना त्याने स्वतः एक मोटार रचायला घेतली आणि तिच्यासाठी सांधा बनवला. १९०२ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९०३ मध्ये ते मिळाले. ते पेटंट सांध्याच्या कवचाचे आहे. सांध्याभोवती असा बंद डबा, की सांधा वाकला तरी आतले ग्रीस बाहेर येणार नाही आणि बाहेरची धूळ आत शिरणार नाही. भौमितिक कल्पना जुनीच. पण उघडा सांधा लवकर झिजायचा, आणि डब्यातला सांधा टिकायचा. एवढ्याने शाफ्ट ड्राइव्ह व्यवहारात आला.

आपल्याला शिकवतात तो भाग इथे आठवून बघा. एका हूक्स जॉइंटने फिरवलेला शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. दोन शाफ्टमधला कोन १० अंश असेल तर एका फेरीत वेग दीड टक्क्याने कमी-जास्त होतो, हे चालून जाते. कोन ३० अंश झाला तर वेग १३ टक्के खाली आणि १५ टक्के वर जातो. दोन टोकांना दोन सांधे, योग्य दिशेने आणि सारख्या कोनात बसवले तर एकाची चूक दुसरा खाऊन टाकतो. ज्यांना जीप उंच करायची हौस असते त्यांनी हे लक्षात ठेवावे. चार इंच उचलली की कोन बदलले, कोन बदलले की थरथर सुरू, आणि मग बिचाऱ्या क्रॉसला शिव्या.

पेटंट मिळाल्यावर मोटार कंपन्यांची विचारणा सुरू झाली. आता हा प्रसंग हॉस्टेलवर फार रंगवून सांगितला जातो, कारण त्यात कॉलेज सोडणे आहे. स्पायसरने पदवी पूर्ण न करता कॉर्नेल सोडले आणि न्यू जर्सीमधल्या प्लेनफिल्डला गेला. तिथे पॉटर प्रिंटिंग प्रेस नावाच्या, छपाईयंत्रे बनवणाऱ्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात १ एप्रिल १९०४ ला त्याने काम सुरू केले. हाताखाली तीन माणसे. जूनमध्ये पहिला माल कॉर्बिन या मोटार कंपनीला गेला. पुढे ब्युइक, मॅक अशी गिऱ्हाइके आली. १९०५ मध्ये स्पायसर युनिव्हर्सल जॉइंट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी रीतसर नोंदली गेली. माझ्या मैत्रिणी लगेच म्हणतात की बघ, डिग्रीशिवाय झालंच ना. अगं पण हातात पेटंट होते, ऑर्डरी दारात होत्या आणि लहानपणापासूनचा यंत्राचा हात होता. आपल्या हातात सध्या केटीची यादी आहे.

शिवाय पुढचे कोणी सांगत नाही. माल उत्तम, मागणी भरपूर, तरी १९१३-१४ च्या सुमारास कंपनी पैशाच्या अडचणीत आली. एकेक सांधा अचूक बनवायचा म्हणजे यंत्रे हवीत, यंत्रांना भांडवल हवे, आणि हिशेब हा स्पायसरचा प्रांत नव्हता. १९१४ मध्ये चार्ल्स डाना नावाच्या न्यूयॉर्कच्या वकिलाने १५ हजार डॉलरचे कर्ज दिले. हळूहळू कारभार त्याच्याकडे गेला आणि १९१६ मध्ये तो अध्यक्ष झाला. म्हणजे ज्याच्या नावाची कंपनी, तो आता आपल्याच कंपनीत इंजिनिअरिंग बघणारा माणूस. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्याचे फार वाईट वाटले. पण तारखा पुढे बघत गेले तसे वाटू लागले की कदाचित त्याला हवे ते मिळाले असेल. त्याच्या नावावर चाळीसच्या आसपास पेटंटे आहेत, आणि शेवटच्या वर्षांत तो रेल्वेच्या डब्याखालचा जनरेटर चाकांच्या फिरण्यावर चालवायच्या यंत्रणेवर काम करत होता. डानाने जर हिशेब सांभाळला नसता तर हे सगळे झाले असते का, कोण जाणे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे साल १९१९. त्या वर्षी कंपनीने सॅलिसबरी अ‍ॅक्सल ही कंपनी विकत घेतली. आतापर्यंत गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलपर्यंतचा दुवा स्पायसरचा होता, आता अ‍ॅक्सलही आला. १९२० चे दशक संपताना कारभार ओहायोतल्या टोलेडो शहरात हलला. योगायोग बघा, विलिस-ओव्हरलँड ही मोटार कंपनीही त्याच शहरात होती.

२१ नोव्हेंबर १९३९ ला स्पायसर वारला. चौसष्टाव्या वाढदिवसाला नऊ दिवस कमी होते. युरोपात युद्ध सुरू झाले होते. पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने चारही चाकांना ताकद असलेली छोटी गाडी मागितली आणि बँटम कंपनीला पहिला नमुना द्यायला ४९ दिवस मिळाले. डिझाइन करणाऱ्या कार्ल प्रोब्स्टने अ‍ॅक्सलसाठी स्पायसर कंपनीच गाठली. नव्याने सगळे बनवायला वेळ कुठला? स्टुडबेकर चॅम्पियन या मोटारीच्या अ‍ॅक्सलमध्ये फेरफार करून काम भागवले. २३ सप्टेंबर १९४० ला नमुना लष्कराच्या हाती पडला. पुढे विलिस आणि फोर्ड यांनी लाखोंनी जीप बनवल्या. ज्या गाडीने स्पायसरचे नाव जगभरच्या चिखलात नेले ती गाडी त्याने पाहिलीच नाही. वर्षभरदेखील कमी पडले.

तिथून आपल्याकडे. जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा या भावांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलिस जीप जोडायला घेतल्या. (जे. सी. आपल्या व्हीजेटीआयचे विद्यार्थी, हे आमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?) नंतर सीजे-३बी हे मॉडेल परवान्याखाली इथेच बनू लागले. ८० इंचांचा व्हीलबेस, पुढे डाना २५, मागे डाना ४४ अ‍ॅक्सल, आणि ५.३८ चा रेशो. डाना हे नाव यात आले ते त्या वकिलाचे. १९४६ मध्ये कंपनीचे नाव बदलून डाना झाले, आणि स्पायसर हा मालाचा ब्रँड राहिला. त्या जीपचा वंश महिंद्राच्या कारखान्यांत कित्येक दशके चालला. पुण्यातही पुढे स्पायसर इंडिया या नावाने कारखाना झाला.

आता भांडण. माझ्या चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे, जुनी महिंद्रा जीप आहे. त्याच घराण्यातली. विचुंब्याहून रोज ती तळोज्याला कामावर जाते, संध्याकाळी वहिनीची भाजी आणते, आणि पावसाळ्यात रविवारी नेरे, मालडुंगे, धोदाणीकडे माथेरानच्या पायथ्याला चिखलात लोळून येते. दादाने पैसे साठवले होते एका गोष्टीपुरते. त्याला लॉकर हवा होता. मी म्हणत होते आधी शाफ्ट. वहिनीचे म्हणणे वेगळे होते पण ते या मासिकात छापण्यासारखे नाही.

लॉकर म्हणजे काय हे इतर ब्रँचवाल्यांसाठी सांगते. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते म्हणून दोन चाकांमध्ये डिफरन्शिअल असते. ते दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देते. हाच त्याचा दोष. एक चाक चिखलात गरागरा फिरले की त्याला जेवढा कमी टॉर्क लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो, आणि कोरड्या दगडावर उभे असलेले चाक नुसते बघत राहते. लॉकर दोन्ही बाजू एकत्र बांधून टाकतो. मग ज्या चाकाला पकड आहे त्याला सगळी ताकद मिळते.

सगळी ताकद, हा शब्द दादाने ऐकला आणि खूश झाला. मी त्याला वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला. समजा इंजिन १२० न्यूटन मीटर देते. पहिला गिअर ४, लो रेंज २.५, डिफरन्शिअल ५. गुणाकार ६०००. फक्त मागचा अ‍ॅक्सल ओढतोय असे धरले तर साध्या डिफरन्शिअलमध्ये एका हाफ शाफ्टवर जास्तीत जास्त ३०००. लॉकर लावला आणि एक चाक हवेत असले तर दुसऱ्यावर कागदावर पूर्ण ६०००. प्रत्यक्षात टायर आधी घसरतो म्हणून एवढा येत नाही. चिखलात टायर घसरणे हा एक प्रकारचा फ्यूजच आहे. पण आपल्या सह्याद्रीत चिखलाखाली काळा दगड असतो. टायरने दगड धरला की फ्यूज गेला, मग जे कमजोर आहे ते तुटणार. सकाळी साडेसातला तळोज्याची शिफ्ट असलेल्या माणसाने हे रविवारी संध्याकाळी करून घ्यायचे का?

म्हणून अ‍ॅक्सल आणि लॉकर हे दोन वेगळे निर्णय नाहीतच. त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलचा शाफ्ट टोकाला निमुळता आहे, हब त्यावर चावीने आणि नटाने बसते. हा प्रकार जुन्या जीपमध्ये सरसकट होता. नट सैल राहिला तर चावी कापली जाते आणि चाक नुसते फिरते. याऐवजी टोकाला फ्लँज असलेला एकसंध शाफ्ट मिळतो. त्याच्याही पुढची पायरी फुल फ्लोटिंग अ‍ॅक्सल. त्यात गाडीचे वजन घरावरच्या बेअरिंगवर राहते, शाफ्ट फक्त फिरवायचे काम करतो, आणि तुटला तरी चाक जागेवर राहते. युद्धातल्या विलिसच्या मागे फुल फ्लोटिंग होता. शांततेच्या काळातल्या नागरी जीपमध्ये लवकरच स्वस्त सेमी फ्लोटिंग आला. दादाच्या वापराला फुल फ्लोटिंग म्हणजे खर्चाचा डोंगर. एकसंध शाफ्ट पुरतो. शाफ्टची पिळाची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे व्यास १० टक्के वाढला तर ताकद ३३ टक्के. डाना ४४ मध्येदेखील सुरुवातीला १० स्प्लाइन होते, मग १९ आले, मग ३०. स्प्लाइन मोजल्याशिवाय लॉकर मागवूच नये, कारण लॉकरचा साइड गिअर त्याच स्प्लाइनवर बसतो. म्हणजे आज १९ चा लॉकर घेतला आणि उद्या ३० चा शाफ्ट, तर लॉकर कपाटात.

राहिला प्रश्न कोणता लॉकर. ऑटोमॅटिक लॉकर स्वस्त, बटण नाही, पाइप नाही. एरवी तो बांधलेलाच, वळताना बाहेरच्या चाकाची बाजू कटकट करत सोडतो. पण तळोज्याला जाताना प्रत्येक वळणावर ही कटकट ऐकायची, आणि ८० इंचांच्या व्हीलबेसच्या गाडीत पावसातल्या घाटात अचानक शेपूट हलली तर? लांब गाडीत हे झाकून जाते, छोट्या जीपमध्ये नाही. दुसरा प्रकार निवडक लॉकर. हवेने, विजेने किंवा केबलने चालणारा. बंद असला की गाडी नेहमीसारखी, चालू केला की दोन्ही चाके एक. महाग, कॉम्प्रेसर नाहीतर वायरिंग लागते, पण रोजच्या गाडीला माझ्या मते हाच. तिसरा म्हणजे महिंद्राने २०१५ च्या थारपासून मागे दिलेला ईटनचा मेकॅनिकल लॉकर. दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की तो आपोआप अडकतो. ज्याला बटणाची कटकट नको त्याला चांगला, फक्त चाक थोडे फिरू द्यावे लागते. पुढच्या अ‍ॅक्सलला ऑटोमॅटिक तर मुळीच नको. फोर व्हील टाकली की स्टिअरिंग जड होते आणि दादाचे खांदे आधीच दुखतात. आणि कायद्याचेही बघावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितले आहे. म्हणून आधी आरटीओत विचारायचे, मग पाने फिरवायचे.

हे सगळे बोलणे चालू असताना मेकॅनिककाकांनी गाडी वर घेतली. मागच्या अ‍ॅक्सलचे ऑइल सील गळत होते, ब्रेकपर्यंत तेल आले होते, ब्रीदरचे भोक चिखलाने बंद. ब्रीदर बंद झाला की गरम हाउसिंग ओढ्यात थंड होताना आत हवा ओढते, आणि सीलमधून पाणी आत जाते. निथळलेले तेल चहाच्या रंगाचे होते, दुधाच्या चहाच्या. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस किती महिने दिले नव्हते ते दादालाच आठवेना. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्पायसरने जे बाहेर ठेवायची युक्ती काढली होती ते सगळे आरामात आत येऊन बसले होते.

त्या महिन्याचे पैसे सील, बेअरिंग, दोन क्रॉस, ब्रीदरला वरपर्यंत नेलेली नळी आणि मागचे एकसंध शाफ्ट यात गेले. शाफ्ट ३० स्प्लाइनचे घेतले आणि तेवढ्या स्प्लाइनचे साइड गिअरही बदलले, म्हणजे पुढे लॉकर घ्यायचा तर त्याच मापाचा घेता येईल. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले की हवेवरचा घ्यावा की केबलवरचा. मी केबल म्हटले, कारण जुन्या जीपच्या वायरिंगवर माझा विश्वास नाही आणि कॉम्प्रेसर बसवायला जागा कुठे आहे? तो अजून हवेवर अडून आहे. दिवाळीच्या बोनसपर्यंत वेळ आहे.